रिकामा पाठवलेला डबा

बाबा, काल वर्गात एका मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मॅडम, जगात एवढे देश असताना तुम्ही आखाताचाच अभ्यास का निवडलात? तिथली वर्तमानपत्रं, वाहिन्या, राजकारण, माणसांचं रोजचं जगणं आणि हे सगळं एकमेकांत कसं गुंततं, हे मी आता मुंबईत शिकवते. मी हसून म्हटलं, माझे वडील तिथे बोटीवर होते. खोटं नाही ते. पण खरं कारण तुमची नोकरी नाही, तुमच्यावरचा राग आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो उतरलेला नाही.

रेडिओ आठवतो? तुम्ही नोकरी सोडून कायमचे रत्नागिरीला आलात तेव्हा मी अकरावीत होते. संध्याकाळी पडवीत तुम्ही आणि चाचा रेडिओ लावून बसायचात. चाचा म्हणजे तुमचे बोटीवरचे जोडीदार, पलीकडच्या मोहल्ल्यातले. परमुलखात एका खोलीत राहून, एका टोपातलं जेवून तुम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढलेली. आधी अरबी बातम्या, मग लंडनच्या. तुम्ही मला अर्थ सांगायचात आणि वर म्हणायचात, "ह्यांचा पण ऐकायचा, त्यांचा पण ऐकायचा, आणि मग तोंड उघडायचा." पुढे मी जाडजूड पुस्तकं वाचली, पण याहून शहाणपणाचं मला कुणी काही शिकवलं नाही. म्हणूनच तर चीड येते. ज्याला दुसरी बाजू ठाऊकच नाही असा माणूस टीव्हीला भुलला असता, तर मी समजून घेतलं असतं.

मग केबल आली. आखातात युद्ध पेटलं, तुमचा रेडिओ फळीवर गेला आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ एकाच वाहिनीसमोर बसायला लागलात. "ते लोक" हे शब्द आपल्या घरात त्या वर्षी आले, बाबा. तुम्ही आणलेत.

त्याच वर्षी ईदला चाचीकडून शिरखुर्म्याचा डबा आला. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. काहीच नसलं तर आई चार आमसुलं तरी घालायची. त्या दिवशी ती नारळाच्या वड्या भरत होती आणि तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणालात, "काय भरू नको. तसाच दे."

"अहो, रिकामा? कधी दिलाय का आपण?"

"तसाच दे म्हटला ना!"

तो रिकामा डबा घेऊन मी गेले. चाचीने झाकण उघडलं, आत बघितलं आणि माझ्या गालाला हात लावून विचारलं, "आईला बरा नाय काय गो?" त्या माउलीला दुसरं कारण सुचलंच नाही. मी मान खाली घातली, तिने तोच होकार धरला.

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात आईसाठी पेज घेऊन चाचा स्वतः आले. तुम्ही जागचे हलला नाहीत. टीव्हीवर तुमच्याच बंदराचं नाव घेऊन जळत्या गाड्या दाखवत होते. चाचा पायरीवरूनच बघत होते. "अरे, ही आपली जेटी नाय. येवढ्या क्रेनी कुठं होत्या आपल्याकडं? भलतीच दाखवतायत." तुम्हाला ते ठाऊक होतं! त्या जेटीवर वर्षानुवर्षं तुम्ही बोटीचे दोर बांधले होते. आणि तरी तुम्ही म्हणालात, "तुमच्या लोकांना सगळा झाकूनच ठेवायचा असतो."

 चाचांनी डबा पायरीवर ठेवला, "वहिनींना गरम असतानाच दे," असं मला सांगितलं आणि गेले. पुन्हा ते आपली पायरी चढले नाहीत. तुमची तिरडी उचलली त्या दिवशीही आले, पण रस्त्यावरच उभे राहिले.

पुढे अभ्यासासाठी मी त्या बंदरात गेले आणि पहिल्याच दिवशी तुमची जेटी बघायला धावले. चाचांचं खरं होतं. तिथे उभी राहून मी तुम्हाला मोठ्याने शिव्या घातल्या, अस्सल आपल्याकडच्या. बाजूला दोर गुंडाळणारा माणूस हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिला.

पेजेचा तो डबा आईने घासून फळीवर ठेवला, रेडिओच्या शेजारी. रिकामा द्यायचा नाही आणि तुमच्यापुढे भरून द्यायची हिंमत नाही, म्हणून तो राहूनच गेला. आता आई नाही, चाचाही नाहीत. चाची आहे. यंदा ईदला मी मुद्दाम रत्नागिरीला आले, वड्या केल्या, डबा भरला आणि मोहल्ल्याच्या वळणापर्यंत गेले. "ते" आणि "आपण" या विषयावर मी वर्गात तासभर बोलते, पाणीही न पिता. चाचीच्या दारात पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचेना. तशीच मागे फिरले.

वड्या मीच खाल्ल्या, बाबा. डबा घासून पुन्हा फळीवर ठेवला आहे.