बाकाचा मान

बाबा, संघाची दहा नावं लिहून झाली होती आणि अकराव्याशी माझा अंगठा थांबला होता, तेव्हा आपल्या संघाच्या सेक्रेटरीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाला, आधी चहा पी, मग लिही. आम्ही इथे बहरीनला, मुहर्रकच्या त्याच चहाच्या दुकानात बसलो होतो. मालक बदलला, टेबलं बदलली, गल्ल्यामागचा तुमचा फोटो तेवढा कुणी काढला नाही. तुमच्या हातात कप, दोन्ही बाजूंना अकरा जण, उन्हानं सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. त्या फोटोत मी नाही. हे पत्र त्याबद्दल आहे आणि मी ते रागानं लिहितो आहे, हे आधीच सांगतो. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणायची. मी सोळा वर्षं तिचं ऐकलं.

उद्या, शुक्रवारी सकाळी, लीगमधला आमचा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर सेमीफायनल, हरलो तर या वर्षीचं संपलं. संघ तोच, आपल्या गावाच्या नावाचा, तुम्ही उभा केलेला. टेनिस बॉल, दहा ओव्हर, वाळूच्या मैदानात अंथरलेली काथ्याची चटई. चार वर्षं संघ मी निवडतो. या मोसमात सहापैकी तीन सामने आम्ही हरलो, त्यातला एक तर हातात आलेला. त्यामुळे आज चार वाजता ड्यूटी सुटल्यावर दुकानात जमलेल्या प्रत्येकाकडे संघ कसा चालवावा याची योजना होती. आपला कप्तान विमानतळावर सामान चढवतो. एक जण म्हणाला, हा बॉलसुद्धा बॅगेसारखा वर उचलतो आणि खाली घ्यायला माणूस उभाच असतो. दुसरा म्हणाला, आपली टीम म्हणजे कंपनीची बस, वेळेवर येते आणि रिकामी जाते. रत्नागिरीचे चाचा, ज्यांनी जन्मभर क्लार्की केली आणि आता आमचा स्कोअर लिहितात, त्यांचं म्हणणं होतं की सेमीबिमी मफी, काही नाही, पुढच्या वर्षी इंशाल्ला. गेल्या वर्षीपण तुम्ही हेच म्हणाला होतात, अशी कुणीतरी आठवण दिली. चाचा म्हणाले, म्हणालो होतो, लिहून दिलं नव्हतं. सगळे हसले. मग, दर वेळी होतं तसं, कुणीतरी फोटोकडे बोट केलं. मॅनेजमेंट म्हणजे ते, म्हणाला. नियम एकदाही मोडला नाही आणि कपपण आणला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा प्यालो. साखर जास्त होती.

तो नियम तुमचाच. शिमग्यात पालखीला खांदा द्यायचा मान जसा ठरलेल्या घराचा, तसा लीगमधला शेवटचा सामना बाकावरच्याचा. मोसमभर जो प्रॅक्टिसला आला, ज्यानं बर्फाची पेटी उचलली, चटई अंथरली आणि गुंडाळली, आणि तरी ज्याला एकदाही खेळायला मिळालं नाही, त्याला शेवटच्या सामन्यात अकरात घ्यायचं. सामना कितीही महत्त्वाचा असो. तुम्ही त्याला बाकाचा मान म्हणालात आणि ते नाव राहिलं. बाकीचे संघ आम्हाला त्यावरून हसतात. पण त्यांची माणसं आमच्याकडे खेळायला येऊ का म्हणून विचारतात, तेही त्याच्यामुळेच.

या वर्षी तो मान काकांचा आहे. सित्र्याच्या कंपनीची बस चालवणारे काका. तुम्ही त्यांना पाहिलंत तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांची शुक्रवारची ड्यूटी इतकी वर्षं कधी सुटली नाही, म्हणून गावचे असूनही ते कधी संघात नव्हते. आता व्हिसा पुन्हा होणार नाही, महिनाअखेर ते कायमचे गावी जाणार. कंपनीनं शुक्रवारच्या बसवर नवा माणूस घातला आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा शुक्रवार मिळाले. ते सगळे आमच्याकडे आले. एकही प्रॅक्टिस चुकली नाही. त्यांना धावता येत नाही. कॅच घेताना ते डोळे मिटतात. हे मला दिसतं, सगळ्यांनाच दिसतं.

सेक्रेटरी बाब अल बहरीनला सोन्याच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकासमोर मखमलीवर दागिना ठेवावा तसं तो शब्द ठेवतो. काकांच्या जागी एका हॉटेलातला फलंदाज त्यानं आधीच विचारून ठेवला होता, दोन ओव्हरमध्ये सामना फिरवणारा. काकांना मी समजावतो, म्हणाला, ते भले गृहस्थ आहेत, नाही म्हणणार नाहीत. मग खुर्ची माझ्याकडे ओढली.

"तू ग्रुपवर एवढंच टाक, की काकांनी संघासाठी स्वतःहून जागा सोडली. तुझ्या तोंडी ते शोभतं. तूपण सोडली होतीस."

दुकानात सगळे माझ्याकडे पाहायला लागले. चांगल्या नजरेनं. ती नजर माझ्या ओळखीची आहे, बाबा. बावीस वर्षं मी ती सोसतो आहे. नवीन कुणी गावाहून आला की त्याला माझी ओळख करून देतात ती अशी: यांनी बाकाचा मान सोडला होता, म्हणून कप आला.

त्या सकाळी तुम्ही बसमध्ये उभे आहात. एका हातानं वरचा दांडा धरलाय, दुसऱ्या हातात टॉवेल. मी तेवीस वर्षांचा आहे. तो अख्खा मोसम मी बाकावर काढलाय, कारण स्वतःच्या मुलाला खेळवलं तर लोक नावं ठेवतील असं तुमचं म्हणणं, आणि मला ते पटलं होतं. शेवटचा सामना माझा, हे मी महिनाभर आधीपासून मोजतो आहे. पहाटे उठून दाढी केली आहे. नवे बूट घातले आहेत. मैदान दिसायला लागतं आणि तुम्ही बोलायला लागता. माझ्या मुलानं आज संघासाठी आपली जागा सोडली आहे, तुम्ही म्हणता. माझ्याकडे न बघता म्हणता. मला हे त्याच क्षणी कळतं, बाकीच्यांबरोबर. बस टाळ्यांनी भरते. मागून कुणीतरी माझी पाठ थोपटतं. आणि मी हात वर करतो. निवडणूक जिंकल्यासारखा मी हात वर करतो आणि हसतो. तुम्ही मला काढलंत त्याचा राग एका मोसमात गेला असता. तुम्ही मला तो हात वर करायला लावलात.

सामना जिंकलो. पुढचे दोन जिंकलो, कप आणलात. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं. खोलीतले बाकीचे ड्यूटीवर होते. तुम्ही तव्यावर बांगडे टाकले होते आणि धूर बाहेर जावा म्हणून खिडकी काठीनं उघडी धरली होती. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत. तुम्ही बांगडा उलटलात. दुसरा उलटलात. मग म्हणालात:

"तू खेळला असतास तर हरलो असतो. तुला काढला म्हटलं असतं तर नियम मोडला असता. आता सामनापण राहिला आणि नियमपण. तोंड पाडून बसू नको. टाळ्या मिळाल्यात त्या घे."

आणि माझ्या ताटात मोठा बांगडा वाढलात. मी तो खाल्ला. वेल्डिंगच्या कामात तुमच्या हाताखालच्या कुणाची शिवण वाकडी गेली, तर तुम्ही ती घासून, रंग मारून झाकू द्यायचा नाहीत. पुन्हा कापायला लावायचात. सित्र्याच्या शेडमध्ये मी स्वतः पाहिलंय, साहेब घाई करत असताना तुम्ही एका माणसाला अख्खी नळी कापायला लावलीत आणि वर सगळ्यांसमोर झापलंत, की रंगानं भोक बुजत नाही. लोखंडाला तुम्ही एवढा मान देत होतात.

पुढच्या महिन्यात तुम्ही मला बॅट दिलीत. मनामाच्या चांगल्या दुकानातली. सगळ्यांना जेवायला बोलावून, सगळ्यांसमोर दिलीत, म्हणजे ती गोष्ट पुन्हा एकदा सांगता आली. त्या हिवाळ्यात साखिरला वाळवंटात तंबू टाकले होते, तेव्हा पहाटे सगळे झोपलेले असताना मी ती शेकोटीत घातली. चांगलं लाकूड होतं, बराच वेळ जळलं. बॅट चोरीला गेली असं मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही चार दिवस शेजारच्या तंबूतल्या लोकांवर संशय घेत होतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सेक्रेटरीकडून मी फोन परत घेतला आणि सित्र्याला गेलो. साडेपाच झाले होते, बसेस परत आल्या होत्या. काका आपली बस धूत होते. महिनाअखेर दुसऱ्याच्या हातात जाणारी बस ते चाकांच्या आतून धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सेक्रेटरी काय म्हणतो, सामन्याचं काय आहे, ग्रुपवर काय टाकायला सांगितलंय. त्यांनी नळ बंद केला. पाइप गुंडाळून ठेवला. त्यांच्यासाठी सोपं होईल असं मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"मला काढायचं तर काढ. मला खेळता येत नाही, मला माहीत आहे. पण मी सोडली म्हणू नको. मी सोडलेली नाही."

ते पुढे म्हणाले, "तूपण सोडली नव्हतीस. त्या दिवशी बस मीच नेली होती. तू आरशात दिसत होतास. सोडणारा माणूस नवे बूट घालून येत नाही."

बावीस वर्षं हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत. ते म्हणाले, तुझे बाबा समोर उभे होते, कोण बोलणार. आणि नंतर तू स्वतःच हात वर केलास. हे सांगताना त्यांच्या आवाजात दोष नव्हता. बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, उद्या सकाळी किती वाजता यायचं, खेळणार नसलो तरी चटई लागेलच ना. मी सहा म्हटलं.

मोटारीत बसून मी तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या. आईवरून नाही, पण बाकी सगळ्या. सित्र्याच्या पुलावर ट्रॅफिक थांबलं होतं, शेजारच्या गाडीतला माणूस मी फोनवर बोलतोय असं समजून हसला. तुम्ही दोन्ही राखलंत म्हणालात. काय राखलंत? एक कप, जो आता समितीच्या कपाटात आहे आणि ज्याचा एक कान तुटलाय. आणि एक नियम, जो वाचवायचा झाला की एका माणसाला खोटं बोलायला लावायचं, हे तुम्ही शिकवून गेलात. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. तो तुमचंच करतो आहे. त्याला वाटतं की हे असंच करायचं असतं, कारण तुमचा फोटो भिंतीवर आहे आणि मी समोर बसलेला आहे, हसतमुख, उदाहरण म्हणून.

आता घरी आहे. साडेसात वाजलेत. आठपर्यंत संघ टाकायचा आहे, ग्रुपवर लोक घड्याळं दाखवतायत. मुलीनं येऊन विचारलं, हू आर यू रायटिंग टू? मी म्हटलं, ऑफिसचं आहे. ती गेली. हरण्याची भीती मला वाटते, बाबा. तुम्हाला वाटत होती तेवढीच वाटते. त्या दिवशी मी खेळलो असतो तर आपण हरलो असतो, हे तुम्ही सांगायच्या आधी मला माहीत होतं. तुम्ही ते बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला असतात, माझा मुलगा चांगला खेळत नाही म्हणून मी त्याला काढतोय आणि माझा नियम मीच मोडतोय, तर मी आज तुमच्यासाठी कुणाशीही भांडलो असतो.

संघ टाकला. अकरावं नाव काकांचं. सेक्रेटरीचा फोन दोनदा वाजून थांबला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून मला इथे एक गोष्ट सांगायला हरकत नाही. संघाच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिली होती: मी तेव्हा जागा सोडली नव्हती, मला काढलं होतं. ती ओळ मी पाच मिनिटं बघत बसलो आणि मग पुसून टाकली. तुमची लाज राखायला नाही पुसली. उद्या दुकानात गेलो की लोकांनी माझ्याकडे तसंच बघावं असं मला वाटलं.

शुक्रवार, दुपार. सकाळी आम्ही चार रनांनी हरलो. काकांच्या हातून लाँग ऑनला एक कॅच सुटला आणि त्याच फलंदाजानं पुढच्या ओव्हरमध्ये दोन सिक्स मारले. काका शेवटी बॅटिंगला आले, दोन बॉल खेळले, एक रन काढला. दहा वाजता सेक्रेटरीनं मला ग्रुपमधून काढलं.