मावळतीनंतरची गोळी

शनिवार, मार्गशीर्ष. संध्याकाळ.

सकाळी सांगलीत इको काढली. पडद्यावर माझंच हृदय उघडत होतं, मिटत होतं. उन्हाळ्यात ठोके बिघडवणारी जागा ॲब्लेशननं जाळली, त्याआधी ते नुसतं थरथरायचं. आता जोर परत आलाय, डॉक्टर म्हणाले. पण रक्त पातळ करायची संध्याकाळची गोळी चुकवायची नाही, गाठ झाली तर मेंदूत जाईल, असं बजावलं.

परतताना एसटी उशिरा आली. वाटेतच दिवस मावळला. आणि आम्हा जैनांचा नेम, मावळतीनंतर पाणीसुद्धा नाही. वडील गेल्यापासून मी तो एकदाही मोडलेला नाही.

घरी बायको, सुनंदा, गोळी घेऊनच उभी. "आवं, मुनिमहाराजांस्नी इचारून आलासा, ते औषधाला सूट हाय म्हणले. डॉक्टरला इचारून आलासा. आता कुणाला इचारायचं ऱ्हायलंय, म्हशीला?"

हसू आलं नाही. सूट असेल, पण मन? वडिलांनी शेवटच्या आजारातही मावळतीनंतर ओठ ओले केले नव्हते. तरी ते उघडणं, मिटणं डोळ्यांसमोरून हलेना. मी झोपलो तरी ते बिचारं थांबत नाही. त्याला उपाशी ठेवून कसला नेम?

णमोकार म्हटला. सुनंदाच्या हातून पाणी घेतलं आणि गोळी गिळली.