बाबांच्या खोलीतला उजेड

प्रिय ताई,

फोनवर तू विचारतेस, बाबा कसे आहेत, आणि मी सांगतो, ठीक आहेत. ते खोटं आहे. बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी ऑफिसचं सांगतो, म्हणजे हात जरा सैल होईल. तुझ्या शाखेने उजळलेलं ग्रंथालय पाहिलं. सुरेख झालंय. बाबांनी तासभर चुका काढल्या असत्या आणि मग गुपचूप खूश झाले असते. इथे त्या हॉटेलवाल्याने डोकं खाल्लंय. त्याला लॉबी इतकी लख्ख हवीय की माशीलासुद्धा गॉगल लागेल. 'भिंत दिसू दे, दिवा नको,' असं बाबांनी भल्याभल्या आर्किटेक्टांना सुनावलं, आणि त्यांचीच प्रकाशयोजनेची कंपनी चालवणारा मी मान डोलावून परत येतो.

बाबांचं असं आहे. तू गेलीस तेव्हा नुसता विसरभोळेपणा होता. आता संध्याकाळ झाली की ते भेदरतात. उशी, चष्मा, चपला पिशवीत भरून दाराशी जाऊन उभे राहतात. डॉक्टर म्हणाले, या आजारात मावळतीला असं होतं, सावल्यांची भीती वाटते. मला हायसं वाटलं, ताई. उजेडाचा प्रश्न म्हणजे आपल्या हातातला! काचेत स्वतःलाच पाहून दचकत असतील म्हणून जाड पडदे लावले. खुर्चीची सावली भिंतीवर चढू नये म्हणून दिवे हलवले. बाहेर ऊन उतरेल तसा आतला उजेड हळूहळू वाढेल आणि संध्याकाळ झाल्याचं कळणारच नाही, अशी सोय केली. ऑफिसातल्या पोरांना एका वृद्ध ग्राहकाचा फ्लॅट आहे म्हणून कामाला जुंपलं. इतका जीव मी कुठल्याच कामात ओतला नसेल. तरी ते भेदरायचेच. रविवारी तर सकाळपासूनच. त्याचं खापर मी ढगाळ हवेवर फोडलं.

मग संग्रहालयाच्या कामासाठी बाहेरगावी राहावं लागलं. बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना जीव मुठीत धरून फोन केला. त्या म्हणाल्या, "आज काहीच नाही हो. पोटभर जेवले, गप्पा मारल्या, झोपले." मी वेड्यासारखा नाचलो. जमलं म्हटलं! परत आलो, बेल वाजवली, आणि बाबा मावशींच्या मागे लपले.

साइटवर डोळ्यांत उजेड टोचतोय पण कुठल्या दिव्याचा ते कळत नाही, अशा वेळी बाबा काय करायला लावायचे, आठवतं? बाकी कशाला हात न लावता एकेक दिवा विझवत जायचं. टोचणं थांबलं की तोच दिवा. मी तसंच केलं. घरातले दिवे जसेच्या तसे ठेवले आणि एक दिवस मीच गेलो नाही. सगळं शांत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात गेलो. त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे, ताई! "साहेब, मारू नका," म्हणाले. रोज सकाळी ते उठायच्या आत मी निघतो आणि संध्याकाळी परततो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. ते अंधाराला घाबरत नव्हतेच. डॉक्टर म्हणतात, याला कारण नसतं, मनाला लावून घेऊ नका. कसं नको लावून घेऊ?

हे पत्र मी आपल्याच दाराबाहेर, जिन्यात बसून लिहितोय. झोपायला मित्राकडे जातो, संध्याकाळी इथे येऊन बसतो. मला सल्ला नको, कुठल्या संस्थांचे पत्ते नकोत. तू ये. इथलं ऑफिस तू घे, तुझी शाखा मी सांभाळतो, पण त्यांच्याजवळ आपल्यातलं कुणीतरी असू दे. तुझी मुलं आहेत, तुझा संसार आहे, मी फार मोठं मागतोय हे कळतंय मला. पाया पडतो तुझ्या. मला यातून वाट दिसत नाही. आत मावशी कडी लावायला आल्यात आणि बाबा त्यांना अडवतायत. "लावू नका, माझा मुलगा अजून शाळेतून यायचाय."

तुझाच,
टिल्ल्या