उजव्या बाजूचा स्पीकर

महाड,
रविवार, १० फेब्रुवारी २००२

प्रिय अब्बा,

सलाम. दर शुक्रवारी फोनवर बोलणं होत असताना या पोरीला एवढं जाडजूड पत्र लिहायची काय हौस आली, असं पाकीट हातात घेतानाच तुमच्या मनात आलं असेल. घाबरू नका. घरात आजारी कोणी नाही. अरफात मुंबईहून बकरी ईदला चार दिवस येतोय. माझी पोलादपूरची शाळा ठीक चाललीय, यंदा नववीचं विज्ञानही माझ्याकडेच आलंय. अम्मीकडे ईदच्या शिवणाचा ढीग पडलाय. सांगायची गोष्ट वेगळीच आहे. तुमचा अँप्लिफायर बंद पडला होता. आता सुरू झालाय, आणि तो मी माझ्या हातांनी दुरुस्त केलाय. हसू नका, खरंच.

झालं असं. जानेवारीतल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर घरी आले, तर अम्मी शोकेससमोर हात पुसत उभी. म्हणाली, "तुझ्या अब्बांची चीज मेली गो. दिवाच लागत नाय." तिचा चेहरा असा उतरला होता, जणू घरातलं कोणी माणूस गेलंय. मी मागची गोल टोपी फिरवून फ्यूज काढला. काचेची नळी आतून काळीकुट्ट झाली होती. म्हटलं, एवढंच ना! बाजारपेठेतून तसाच चार अँपिअरचा फ्यूज आणला, बसवला, बटण दाबलं. आत चटकन उजेड झाला आणि नवाही काळा. दुसऱ्यांदा दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "हा दहाचा न्या मॅडम, जन्मात उडायचा नाही." आणला, पण बसवायला धीर झाला नाही. तुम्ही जाताना दरवेळी बजावून जायचात ना, की ठाऊक नसलेल्या वस्तूत बोटं घालू नका.

तुम्ही ब्याऐंशी साली तो मस्कतहून आणलात तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्याची नीट आठवण आहे ती त्या दोन सुयांपासून. तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता. येणाऱ्या माणसाच्या हाती तुम्ही कॅसेट पाठवायचात, दोन्ही बाजूंनी बोलून भरलेली. अम्मी ती लावायची, आणि तुमच्या आवाजाबरोबर काचेमागच्या सुया थरथरायच्या. अरफात तर कितीतरी वर्षं समजत होता की तुम्ही त्या सुयांमागेच राहता. तुम्ही मध्येच थांबून "महरुन्निसा, ऐकतेस ना?" असं विचारायचात आणि अम्मी सगळ्यांसमोर "हां" म्हणायची. शेजारच्या बायका तिला त्यावरून किती चिडवायच्या!

तर तो भंगारात जाऊ द्यायचा नाही, हे ठरलं. पोलादपूरच्या स्टँडमागचे धोंडूकाका आठवतात? त्यांनीच तेव्हा घरी येऊन त्याची जोडणी करून दिली होती. शाळेला जाता-येता त्यांचं दुकान दिसतं, अजून उघडं असतं. मी अँप गोधडीत गुंडाळला, मिनीडोर रिक्षावाल्याला शेजारची सीट रिकामी ठेवायला लावली आणि सोमवारी घेऊन गेले. वीस किलोच्या वर भरेल तो. काकांनी गोधडी सोडली आणि त्या चंदेरी तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "रमजानशेटचा ना हा? अजून हाय?" मग त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. थरथरत होते, अब्बा. चहाचा कप धरवत नाही त्यांना. म्हणाले, "झाळायचं काम आता होत नाय. तू विज्ञान शिकवतेस ना? मग हात तुझे, डोकं माझं. शाळा सुटली की येत जा."

पहिल्यांदा त्यांनी तो दहाचा फ्यूज माझ्या हातून घेतला आणि कचऱ्यात टाकला. "फ्यूज जळतो म्हणून घर जळत नाय, बाय." मग माझा जळका फ्यूज उजेडात धरून दाखवला. तार मधोमध नुसती वितळलेली असेल तर भार थोडा जास्त झाला किंवा फ्यूज म्हातारा झाला. काच अशी काळी झाली असेल तर आत कुठेतरी थेट शॉर्ट आहे. नवे फ्यूज किती घातलेस तरी तितके जळतील. त्यांच्याकडे एक लाकडी फळी आहे, तिच्यावर शंभराचा बल्ब आणि एक सॉकेट. सिरीज बोर्ड म्हणतात तिला. अँपला वीज त्या बल्बातून द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो, पण पुढचं काही जळत नाही. आम्ही बटण दाबलं आणि दुकान उजळून निघालं.

पुढचे चार-पाच दिवस मी रोज तासभर तिथे बसले. झाकण काढल्यावर पहिला धडा: वीज बंद केली तरी कपॅसिटरच्या मोठ्या डब्यांमध्ये ती साठून असते, आधी ती उतरवायची. मग मीटरच्या दोन सुया घेऊन एकेक भाग तपासत जायचं. डावीकडचे दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर चांगले निघाले. उजवीकडच्या पहिल्यावर सुया टेकल्या तर मीटर लांबलचक शिट्टीसारखा वाजला. दुसराही तसाच. दोन्ही आतून शॉर्ट, आरपार गेलेले. काकांच्या बिस्किटाच्या डब्यात तसलीच एक जोडी निघाली. मी जुने काढले, खालचा अभ्रकाचा पातळ पापुद्रा पुसला, पांढरी पेस्ट लावली, नवे कसले, झाळ दिली. एकदा बोट भाजलं. परत बल्ब लावून बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटला आणि हळूहळू विझत नुसता लालसर राहिला. काका टाळी वाजवायला गेले, पण हात एकमेकांना धड लागेनात, म्हणून दोघंही हसत सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नुसती उजवीच बाजू कशी गेली गो? मशीन चांगलं हाय. घरी जाऊन उजव्या स्पीकरची वायर बघ. ती बघितल्याबिगर हा जोडायचा नाय."

मागच्या रविवारी अँप घरी आणला आणि मी शोकेसमागची वायर धरून निघाले. डावा स्पीकर जागेवर होता. उजवा नव्हता. त्याची वायर पडद्यामागून, कपाटाखालून पार खिडकीपर्यंत गेली होती. मध्ये दुसऱ्या वायरचा तुकडा नुसता हाताने पिळून जोडलेला, वर टेप नाही, दोन्ही उघड्या तारा एकमेकींना चिकटलेल्या. तोच शॉर्ट. आणि स्पीकर होता अम्मीच्या शिलाई मशीनशेजारी स्टुलावर, ओढणीने झाकलेला, तिच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. रोज त्याच घरात वावरून मला तो दिसला नव्हता. आवाजाचं बटण मी पाहिलं, ते अगदी शेवटपर्यंत फिरवलेलं.

अम्मी माझ्याकडे पाठ करून हातशिलाई करत होती. मशीन बंद, पंखा बंद. मी "अम्मी" म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलेच. तिची सुई तशीच चालू. माझी सावली कापडावर पडली तेव्हा तिने दचकून वर पाहिलं आणि म्हणाली, "कवा आलीस?" अब्बा, मी तिच्यासमोर येऊन बसले. एकेक गोष्ट आठवायला लागली. कुकर लावला की ती समोर पाट घेऊन झाकणाकडे का बघत बसते. बोलताना आपल्या तोंडाकडे का बघते. लग्नाकार्याला जायचं ती का टाळते, आणि महरुन्निसा हल्ली गर्वाला चढलीय असं मोहल्ल्यात का म्हणतात.

आधी ती चिडली. "मला काय बहिरी समजतेस?" मी तिचे हात धरून बसून राहिले. मग म्हणाली, डावा कान जाऊन दोन वर्षं झाली, उजव्यात अजून थोडं आहे. मी विचारलं, फोनवर अब्बांशी कशी बोलतेस मग? तर म्हणाली, "लांब कोनतरी बोलतंय एवढंच कळतं गो. परत परत 'काय, काय' तरी किती विचारू? म्हनून हां हां करते नि तुला देते." अँप बंद पडेपर्यंत मी शाळेत गेले की ती तुमच्या जुन्या कॅसेट लावायची. रोज. म्हटलं, त्या तरी ऐकू येतात का? म्हणाली, "त्या पाठ हायत. म्हनून येतात."

बुधवारी मी रजा टाकून तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. नस कमजोर झालीय, गेलेलं परत यायचं नाही, पण उजव्या कानाला मशीन लावलं तर उरलेलं टिकेल आणि बरंच कळेल, असं ते म्हणाले. तिथल्या तिथे एक लावून बघितलं. बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली तशी ती केवढ्याने दचकली, आणि मग स्वतःशीच हसली. तिचं मशीन तीन आठवड्यांनी येईल; तोवर तिच्या कॅसेटसाठी मी ती वायर नीट जोडून, टेप लावून अँप सुरू करून दिलाय. परत येताना रिक्षात तिने मला बजावलं, "अब्बांना सांगायचं नाय. तिकडं एकटे हायत, झुरत बसतील." मी मान हलवली.

तरीही लिहितेय, तिला न सांगता. परवाच्या शुक्रवारी नेहमीसारखं मिनिटभर हां हां करून अम्मीने रिसीव्हर माझ्याकडे दिला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या अम्मीला माझ्याशी बोलायचंच नसतं. आता घरी वाट बघणारं कोण राहिलंय? कंपनी आणखी तीन वर्षं ठेवायला तयार आहे, महिनाअखेरीस सही करून टाकतो." मला त्याच क्षणी सगळं सांगायचं होतं. पण ती समोर उभी राहून माझ्या ओठांकडे बघत होती, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. ते "बरं" मी आता मागे घेते. सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्यामागे कंपनी आहे, अरफातचं शिक्षण आहे, मला कळतं. पण ती तुमच्यावर रुसलीय असं समजून सही करू नका. आणि सहीच्या आधी एक पत्र लिहा, मला नाही, अम्मीला. काय वाटेल ते लिहा, जेवढं मोठं लिहाल तेवढं चांगलं. तिचे डोळे अजून अगदी चांगले आहेत.

तुमचीच लाडकी,
नशरा