लगाम सैल

जयेंद्रगंज, लष्कर
ग्वाल्हेर
सोमवार, १० डिसेंबर १९५६

ती. स्व. दादास,

विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. थंडी मात्र मनस्वी पडली आहे. तुम्हाला क्वार्टर मिळाला, की उषावहिनी अजून त्या दीड खोलीतच संसार मांडून बसली आहे? राजधानीबरोबर तुमची कचेरी भोपाळला उठून गेल्यापासून आपली गल्ली सुनीसुनी वाटते. मी शिकवते त्या वर्गातल्या निम्म्या मुली बापांच्या बदल्यांबरोबर गेल्या.

तुझं पत्र पोचलं. "आबांना तीन पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. राजधानी जणू मीच डोक्यावर घेऊन पळालो! यापुढे मीही लिहिणार नाही." असं तू लिहिलंस, आणि मला तुमच्या दोघांचाही राग आला. एक रुसलेला तिकडे, एक इकडे, आणि मध्ये मी पोस्टमन. चांगलं झोडून काढणारं पत्र लिहिणार होते. पण काल रविवार इतका छान गेला की आधी तोच सांगते.

काल मी आबांना विमानातून फिरवून आणलं!

विमान शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला माझं नाव लागलं आहे, हे तुला ठाऊक आहे. जानेवारीत जायचं, सहा महिने. हो की नाही ते या महिनाअखेर कळवायचं आहे. आबा पहिल्या दिवसापासून म्हणताहेत, "खुशाल जा. मी एकटा राहीन. रिसाल्यात आयुष्य काढलंय, मला काय सांभाळायचंय?" म्हणून मी होकार लिहून ठेवला होता. म्हटलं, जाण्याआधी एकदा त्यांना आपलं गाव वरून दाखवावं. लेक दर रविवारी कुठे उंडारायला जाते ते तरी कळेल.

सकाळी धुकं होतं, दहापर्यंत निवळलं. ऊन असं कोवळं की फ्लाइंग क्लबातले सगळे गवतावर चहा घेत बसलेले. आबा बंद गळ्याचा कोट चढवून आले होते. फेटा काढून चामडी टोपी घालायला तयार होईनात. शेवटी घातली, आणि मिशांना पीळ दिला. टांग्यातून उतरल्यापासून त्यांनी माझा खांदा धरला होता. मला वाटलं, आज म्हातारा खुशीत आहे.

आमच्या टायगर मॉथ विमानात पाहुणा पुढे बसतो आणि चालवणारा मागे. दोघांपुढेही विमान हाकायचा एकेक दांडा असतो, एक हलला की दुसराही हलतो. म्हणून पाहुण्यापुढचा काढून ठेवतात. आमचा मेकॅनिक दौलतसिंह त्यासाठीच आला, "बहनजी, आगेवाला स्टिक निकाल दूँ?"

आबा कडाडले, "क्यों? लगाम काढून घेता आणि घोड्यावर बसवता? नाही चलणार. मी काय गाठोडं आहे?"

आणि दादा, मी हसून म्हटलं, "रहने दो, भैया." फक्त हात लावायचा नाही, असं आबांकडून कबूल करून घेतलं. रिसालदार सूर्याजीराव दिला शब्द मोडत नाहीत, असं तेच म्हणाले.

वर गेल्यावर काय मजा होती म्हणून सांगू! हजीऱ्याच्या गिरण्यांचा धूर सरळ वर चाललेला, म्हणजे वारा नाहीच. खासगी बाजारातल्या गच्च्यांवर बायका वाळवणाजवळून हात हलवत होत्या. मग डावीकडे किल्ला आला, अख्खा, उन्हात पिवळा झालेला. मी बोलायच्या नळीतून ओरडले, "आबा, किल्ला!"

आबा ताठ झाले. त्यांनी उजवीकडे मान वळवली आणि त्या रिकाम्या आभाळाला तीन वेळा वाकून मुजरा केला.

मला आधी हसू आलं. वाटलं, गोंधळले. मग शंका आली. मी विमान हळूच वळवलं आणि किल्ला बरोबर नाकासमोर घेतला. त्यांच्या पुढ्यात दुसरं काही नव्हतंच. विचारलं, "आबा, किल्ला कुठे आहे आता?"

आबांनी मान इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाले, "मागे राहिला."

आता तुला कळलं असेल. मी छान रविवार म्हणाले तो एवढाच होता.

मी तशीच मागे फिरले. धावपट्टी समोर आली. उतरताना इंजिन मंद करावं लागतं. आवाज एकदम बसतो, तारांतून वारा शिट्ट्या घालतो, नाक खाली झुकतं. ज्याला दिसतं त्याला काही वाटत नाही. आबांना वाटलं, पडतोय. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उधळलेला घोडा आवरावा तसा पोटाशी ओढला.

नाक वर गेलं. मला जमीन दिसेना. वेग गेला की विमान दगडासारखं पडतं, आणि तेवढ्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. मी सगळा जोर लावून दांडा पुढे ढकलत होते. पण त्यांचं मनगट तुला माहीत आहे. "आबा, सोडा! सोडा!" मी किंचाळत होते आणि ते आणखी घट्ट धरत होते. मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं.

मग, कसं सुचलं कोण जाणे. लहानपणी आपली चांदणी घोडी मला घेऊन उधळली होती, तू कुंपणावर उभा राहून रडत होतास, तेव्हा आबा काय ओरडले होते? तेच मी नळीतून म्हटलं, त्यांच्याच आवाजात. "लगाम सैल! घोड्याला रस्ता ठाऊक आहे!"

हात सुटले. दोन्ही हात त्यांनी वर धरले, मला दिसावेत म्हणून. मी नाक खाली घेतलं आणि विमान दोनदा आपटून, उसळून, एकदाचं थांबलं. दौलतसिंह धावत आला. मी त्याला "हवा का झोंका था" म्हणून सांगितलं.

क्लबामागच्या बाकावर आम्ही बसलो. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. कधीपासून, विचारलं. म्हणाले, गेल्या होळीपासून कमीकमी होत गेलं, दसऱ्यानंतर नुसता उजेड कळतो. घरात पावलांनी चालतात, माणसं आवाजावरून ओळखतात. आणि मी एका घरात राहून, बिनदिक्कत, स्वतःच्या कोर्सच्या गप्पा मारत होते! मला का नाही सांगितलंत, म्हटलं. तर म्हणाले, "तू गेली नसतीस."

मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी तुझी तिन्ही पत्रं काढली. फोडलेली. गच्चीवर बसून ती उघडायचे, थोडा वेळ समोर धरायचे, घडी घालायचे आणि मला सांगायचे, "मानसिंगचं ठीक चाललंय." माझ्याकडे वाचायला दिली असती तर मला कळलं असतं. दादा, ते रुसले नव्हते रे. त्यांना वाचताच आली नाहीत.

मी वाचून दाखवली. तिसऱ्यातली ती कडू वाक्यं गाळावीत असं वाटलं, पण नाही गाळली. सगळं ऐकून म्हणाले, "पहिलं पुन्हा वाच." त्यात तू नुसतं तिथल्या तलावाचं आणि थंडीचं लिहिलं आहेस.

उठताना म्हणाले, "मानसिंगला यातलं काही कळवायचं नाही. दया म्हणून नेलेलं मला नको." मी नुसती मान हलवून ‘हे जमणार नाही’ म्हटलं. ते त्यांना दिसलं नाही, आणि मी तोंडानं बोलले नाही.

उद्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. माझा होकार अजून टेबलावर पडून आहे. मला जायचं आहे, दादा. खोटं कशाला सांगू, फार जायचं आहे. पण आबांना असं टाकून मी जाणार नाही, आणि तू स्वतः न्यायला आल्याशिवाय ते भोपाळला येणार नाहीत. तेव्हा महिना संपायच्या आत, न्यायला येतो म्हणून त्यांना पत्र घाल. डोळ्यांबद्दल एक अक्षर नको. तुला त्यांची गरज आहे, असं काहीतरी लिही. आणि ते खरं असेल तरच लिही.

तू जे लिहिशील ते मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. एक शब्दही गाळणार नाही.

वाट पाहणारी,
विमल