तळ्याकाठचा बंगला, स्वयंपाकघरासह

४ फेब्रुवारी
पोहोचलो. जागा फोटोत दिसते तशीच निघाली, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. समोर तळं, पलीकडे डोंगर, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या. लक्झरी म्हणजे लक्झरी! जेवणाखाण्याचं मात्र आपलं आपण बघायचं. ती हिचीच अट. हॉटेल असेल तर येत नाही, स्वयंपाकघर हवं, म्हणाली. तेव्हाच मनात म्हटलं, जमलं! नवऱ्याला सोडून कायमची बहिणीकडे राहायला निघालेली बाई कशाला किचन मागेल?
बहिणीकडचं हे तिने मागच्या महिन्यात सांगितलं. मी मनावर घेतलं नाही. उभा जन्म पाण्याचे पंप विकण्यात गेला. गिऱ्हाइकाचा पहिला नकार मी नकार धरतच नाही.
संकल्प: जायच्या आत हिचं मन वळवायचं. आवाज चढवायचा नाही. फोन बंद.

५ फेब्रुवारी
फोन बंद ठेवता आला नाही. डीलरचा होता. दोनदाच घेतला. बरं, चारदा.
सकाळी चहाची वाट बघत व्हरांड्यात बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी आत डोकावलो तर म्हणाली, या, तुम्हीच करा, मी सांगते. गंमत म्हणून केला. उतू गेला. शेगडीभर ओघळ. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. काहीच नाही. हातात फडकं दिलं. गरम आहे तोवर पुसून घ्या, नंतर डाग निघत नाहीत, एवढंच.
केवढी प्रगती! घरी अशा चहावर अर्धा दिवस गेला असता. हवापालटाचा परिणाम.

६ फेब्रुवारी
भात. तोही मीच. खाली लागला. वरचा वरचा खाल्ला, चवीला धुरकट होता. ही म्हणाली, उद्या गॅस बारीक ठेवा. 'उद्या' म्हणाली! म्हणजे पुढचा विचार चालू आहे.
लेकीचा फोन. तिला सांगितलं, काळजी करू नकोस, सगळं मार्गी लागलंय. ती म्हणाली, बाबा, आईकडे द्या. दोघी दार लोटून बोलत होत्या. भाताचं कौतुक चाललं असावं.

७ फेब्रुवारी, दुपार
आज होडीचा बेत. तळ्याच्या मधोमध नेऊन मनातलं बोलायचं. तिथून कुणाला उठून जाता येत नाही. उत्तम योजना.
मी वल्ही मारली. होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. वारा आडवा होता. शेवटी हिने माझ्या हातातून वल्ही घेतली आणि सरळ रेषेत काठाला आणली. थक्क झालो. विचारलं, हे कधी शिकलीस? कॉलेजात असताना, म्हणाली. मग मला कधीच का सांगितलं नाहीस? सांगितलं होतं, म्हणाली.
बोलायचं राहून गेलं. खांदा दुखतोय.

८ फेब्रुवारी
वॉशिंग मशीन शिकलो. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. मग हिने मध्येच विचारलं, घरी तांदूळ कुठल्या डब्यात असतो? सांगता आलं नाही. ओट्याखाली, उजवीकडचा मोठा डबा, म्हणाली. लक्षात ठेवा. मी म्हटलं, तू असताना मला कशाला लक्षात ठेवायला हवं? ती शर्ट झटकत राहिली.
संध्याकाळी व्हरांड्यात सगळं मांडलं. पुढच्या वर्षी रिटायर होतो, फिरू, नवीन किचन करू, तू म्हणशील तसं. इतकं चांगलं मी डीलरांच्या मीटिंगलाही बोललो नसेन. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, मी रागावलेली नाहीये. दमलेय.
रागावलेली नाही, हे महत्त्वाचं. थकवा काय, विश्रांतीने जातो.
झोप मात्र लागत नाहीये.

९ फेब्रुवारी
बटाट्याची भाजी, अंडी, भात. एकट्याने केलं. ही स्वयंपाकघरात आलीसुद्धा नाही. काही लागलं नाही, काही सांडलं नाही. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाली, छान झालंय. आता तुमचं अडणार नाही.
स्वयंपाकघर कुणासाठी मागितलं होतं, ते तेव्हा कळलं.
भांडी मी घासली. पाणी चालू ठेवून रडलो. तिला ऐकू गेलं असावं. आली नाही.

१० फेब्रुवारी, निघायची सकाळ
आंघोळीनंतर ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला, अगदी गादीच्या मधोमध. लग्न झाल्यापासून आमच्याकडे याच्यावरून भांडण आहे. मग चिखलाच्या बुटांनी खोलीभर फिरलो. म्हटलं, बोल. डोकं ठिकाणावर आहे का, असं तरी विचार.
ती आली. टॉवेल उचलला, झटकून दोरीवर टाकला. चिखल पुसून घेतला. मग बॅगेची चेन ओढत म्हणाली, निघू या ना?
आधी बहिणीच्या घरी जायचंय. माझी बॅग डिकीत सगळ्यात वर ठेवा, म्हणाली. म्हणजे तिथे काढताना तुम्हाला त्रास नको.
ठेवली.