पितळेचे दोन वायपर

१७ ऑगस्ट, रविवार

वायपर गेला! चिमट्यातून उडाला आणि फरशीवर कुठेतरी पडला. पितळेचा पत्रा कागदासारखा पातळ आणि त्यातला वायपर पापणीच्या केसाएवढा. पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

रोज दुपारी क्लिनिक बंद असतं. सांगलीतले बाकीचे डॉक्टर त्या वेळी झोपतात. मी आजोबांची जीप बनवतो. खरीच्या पस्तीसाव्या हिश्शाची, तळहातावर मावेल एवढी. किटमध्ये सगळं प्लास्टिकचं मिळतं, पण बारीक भाग जाडेभरडे असतात. म्हणून हा पितळी पत्रा वेगळा मागवला. आम्लाने कोरून त्यात दिव्यांच्या जाळ्या, बकलं, वायपर सगळं काढलेलं असतं. एकेक भाग पत्र्यातून कापायचा आणि आखलेल्या रेघेवर वाकवायचा. वाकवायला संधी एकच. परत सरळ करायला गेलं की तुटतो. मग सुईच्या टोकावर गोंद घेऊन चिकटवायचा. दाताच्या कामासारखंच आहे, फक्त पेशंट बोलत नाही.

बायकोने, भाग्यश्रीने, शोधून दिला. मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून लावला. प्रकाश आडवा पडला की कणाचीही सावली दिसते. ‘मंगळसूत्राचा मणी असाच सापडतो,’ म्हणाली. मग चहा केला. हल्ली माझा कप अर्धाच भरते. साखर कमी करायची तिची युक्ती असावी.

१९ ऑगस्ट

वायपर परत उडाला. परत सापडला. डबीत ठेवून दिला. चिमटा जुना झालाय, टोकं जुळत नाहीत. नवा मागवला.

२२ ऑगस्ट

साताऱ्याहून वीरधवलचा फोन. बारा ऑक्टोबरला त्यांच्या मॉडेलवाल्या मंडळाचं प्रदर्शन आहे. ‘गड्या, रणगाडे लय झाले आमच्याकडं. ज्यो त्यो रणगाडा घिऊन येतोय. तू तुज्या आजोबाची जीप आण. टेबल राखून ठेवतो बघ.’

हो म्हणालो. आजोबा त्या जीपमधून हळदीची पोती सांगलीच्या यार्डात आणायचे. वायपरला मोटर नव्हती, आतून दांडी होती. पाऊस लागला की ती हाताने फिरवायचं काम माझं. मी सहा-सात वर्षांचा असेन. ‘हात थांबवू नको रं,’ एवढंच म्हणायचे. वायपर नसतील तर ती त्यांची जीप नव्हे, बाजारातली कुठलीही जीप झाली. तेव्हा ते लागलेच पाहिजेत.

२८ ऑगस्ट

आजपासून आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व, दहा दिवस. दिवसातून एकदाच जेवायचं. पाणीही त्याच वेळी. भाग्यश्री म्हणाली, ‘यंदा नाही केलं तर चालेल.’ का, विचारलं. ‘दगदग होते,’ म्हणाली. इतकी वर्षं झाली नाही ती!

१ सप्टेंबर

नवा चिमटा आला. जर्मन आहे म्हणे. दिव्याची जाळी उचलली आणि ती चिमट्यात थरथरायला लागली. चिमटा जर्मन असला तरी हात माझाच. हात हवेत असला की थरथरतो, टेबलावर टेकला की कमी होतो.

साक्षीने परवा क्लिनिकमध्ये पाहिलं. माझी सहायक, शब्द मोजून वापरणारी. औषधाची बाटली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, ‘सर, उपवास हाय न्हवं, म्हणून होत आसंल.’ बरोबर आहे. पोटात काही नाही, पाणी नाही. दुसरं काय असणार? उपवास संपला की थांबेल.

५ सप्टेंबर

जाळी अजून डबीत.

७ सप्टेंबर

पर्व संपलं. पोटभर जेवलो. दुपारी झोपलो. जीपला हात लावला नाही. उद्या बघू.

८ सप्टेंबर

क्षमावाणी. सकाळपासून मोबाइलवर ‘उत्तम क्षमा’. ज्यांनी वर्षभर माझं काही वाकडं केलं नाही तेच अगत्याने क्षमा मागतात.

दुपारी बसलो. थरथर आहे. अंगात अशक्तपणा राहिला असेल. इतक्या दिवसांचा उपवास एका जेवणात भरून येतो का?

१४ सप्टेंबर

दूध, शेंगदाणे, खजूर, गोळ्या. सगळं चालू आहे. जाळ्या दोन्ही लागल्या. कोपर, मनगट, करंगळी, जे जे टेकवता येईल ते टेकवून. एक जाळी तिरकी होती, सोडवून परत लावली. वायपरला मात्र टेकायला जागाच नाही. काचेच्या चौकटीवर वरून, अधांतरी हाताने ठेवावा लागतो.

क्लिनिकमध्ये त्रास नाही. तिथे बोट शेजारच्या दातावर टेकलेलं असतं. पन्नास वेळा तपासून पाहिलं — हात स्थिर. म्हणजे काही नाही.

१९ सप्टेंबर

कुपवाडला गेलो. मशिनवर लावायच्या पितळी पट्ट्या कोरून देणारं एक वर्कशॉप आहे. तीच पद्धत, तेच आम्ल. आजोबांच्या जीपचा नंबर कोरून घ्यायचा होता. मालकाने माप बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘डाक्टर, आमी पंपावर लावायच्या पट्ट्या करतो. ही काय मुंगीला लावायची व्हय?’ पण दिली करून. झकास आली आहे. अक्षरं भिंगातून वाचता येतात.

नंबरपट्टी सपाट असते. सहज लागली. त्यामुळे उगाच बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

समडोळीचे रामगोंडा काका. खालची दाढ. माझ्या वडिलांपासूनचे ओळखीचे, हळद पिकवणारे. भूल द्यायला सुई घेतली. तोंडापर्यंत जाईपर्यंत हात हवेतच असतो — हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सुईचं टोक त्यांच्या ओठांसमोर नाचत होतं. त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

‘आवं डाक्टर, तुमालाच भ्या वाटतंय व्हय?’ म्हणाले. आणि हसले. मला धीर देत होते!

मी सुई खाली ठेवली. म्हणालो, सूज आहे, आज नको, गोळ्या घ्या. सूज नव्हती. साक्षीने ट्रे उचलला.

मला भीती वाटली. आजवर मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या तोंडात सुई घातली, कधी वाटली नव्हती. आज वाटली. हा हात गेला तर मी कोण? सांगलीतला एक माणूस ज्याला दातांबद्दल बरीच माहिती आहे, एवढंच.

२५ सप्टेंबर

उपवास संपून पंधरवडा उलटला. आता उपवासाचं नाव सांगता येणार नाही.

२९ सप्टेंबर

मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. भाग्यश्रीला सांगितलं, क्लिनिकचं सामान आणायला जातोय.

त्यांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, गोगलगाईच्या पाठीसारखी. माझी गोगलगाय दातेरी निघाली. मग पाण्याचा ग्लास उचलायला लावला. म्हणाले, कंपवात नाही, तो वेगळा. हा नुसता हाताचा थरकाप. काही करायला गेलं की येतो. गोळीने आटोक्यात राहील, जाणार नाही. वाढेल का? सांगता येत नाही. किती दिवसांपासून आहे? मी म्हणालो, ऑगस्टपासून. कसं कळलं? जीपचा वायपर लावताना. ते लिहिता लिहिता थांबले. मग तेही लिहिलं.

येताना खरंच सामान घेतलं. हातमोज्यांचा एक खोका. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?

३ ऑक्टोबर

साक्षीला सांगितलं — यापुढे सुई, दाढ काढणं, मुळाचं काम माझ्याकडे द्यायचं नाही. तपासणी मी करीन. हाताचं काम करायला कोणीतरी तरुण डॉक्टर ठेवू. ‘बरं सर,’ म्हणाली. कारण विचारलं नाही. मग थोड्या वेळाने : ‘रामगोंडा काकांस्नी फोन करून सांगू का?’ मी म्हणालो, तो मी करतो.

केला. सगळं खरं सांगितलं. काका म्हणाले, ‘सूज न्हवती ते मला ठावं हुतं. माजीच दाढ न्हवं का!’

पेशंटला सांगून झालं, घरी सांगितलेलं नाही. भाग्यश्रीला कळलं की ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागेल. कप हातात देताना जपून देईल. ते नको आहे मला. सध्या तरी.

६ ऑक्टोबर

गोळी चालू आहे. थोडा फरक. वायपर अजून लागत नाही. आज चिमट्यातून सुटून सरळ चहात पडला. गाळणीने काढला.

९ ऑक्टोबर

वीरधवलला फोन केला, येत नाही म्हणून. ‘आरं, टेबल राखलंय! दोन बारक्या काड्यांपायी?’ त्याला काय सांगणार? काम फार आहे म्हणालो. काम आहेच कुठे?

भाग्यश्री दारात उभी होती. विचारलं, ‘हा गोंद आधी पितळेला लावायचा का प्लास्टिकला?’ म्हणालो, प्लास्टिकला, सुईच्या टोकाने, थेंबाचाही थेंब. तुला कशाला? ‘सहज. तुम्ही टेबलाकडे फिरकत नाही, म्हणून विचारलं.’

१० ऑक्टोबर

जीप कपाटात ठेवून दिली. वायपरशिवाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी जीप टेबलावर. काचेच्या चौकटीला दोन्ही वायपर. मी लावलेले नाहीत. डावा सरळ, उजवा जरा तिरका.

भाग्यश्री चहा घेऊन आली. अंगठ्यावर वाळलेल्या गोंदाचा पांढरा पापुद्रा. ‘आवरा. साताऱ्याला जायचंय. वीरधवल भाऊजींना मी कळवलंय.’

विचारलं, तुला कधी कळलं?

‘उन्हाळ्यात. तेव्हापासून तर कप अर्धा भरते.’

कप परत दिला. भरून आण म्हणालो. दोन्ही हातांनी धरला आणि तिच्यासमोर प्यालो.